केबल काढली की क्लास तुटतो: लिनक्स लॅपटॉपवर वायर-वायफाय आपोआप बदलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातलं, प्रतापनगरकडचं दुमजली घर. सर आधी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवायचे, आता रिटायर होऊन घरूनच अकरावी-बारावीच्या ऑनलाइन बॅचेस घेतात. ओळख पटेल असं सगळं गाळलंय, बाकी झालं तसंच लिहितोय. मी इकडे घरांचं आणि छोट्या ऑफिसांचं नेटवर्किंग बघतो, त्यामुळे हे माझ्याकडे आलं.

लॅपटॉप म्हणजे सेकंडहँड थिंकपॅड, ज्याला अजून खरंखुरं इथरनेटचं भोक आहे, डोंगल लागत नाही. सरांचा मुलगा पुण्याला असतो, त्यानेच त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं होतं आणि सर त्यावर एकदम खूश, कारण "क्लासच्या मधात अपडेट येऊन नाही बसत".

घरातली मांडणी अशी: फायबर खाली हॉलमध्ये येतं, तिथेच राउटर, आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाईनवर. सरांची शिकवायची खोली वर. मधे जाड स्लॅब असल्यामुळे वर वायफाय जेमतेम दोन कांड्या दाखवतं, म्हणून डक्टमधून एक केबल वर नेलेली, वर टेबलाखाली पाच पोर्टचा छोटा स्विच, त्यात एक वायर प्रिंटरला आणि एक लॅपटॉपला. इथपर्यंत झकास.

खरी गंमत उन्हाळ्याची. एप्रिल लागला की वरची खोली गच्चीखालची असल्याने अकरा-साडेअकरानंतर तिथे बसवत नाही, नवतपा तर सोडूनच द्या, आणि डेझर्ट कूलर आहे खालच्या खोलीच्या खिडकीला. म्हणजे सकाळच्या बॅचेस वर वायरवर आणि दुपारच्या खाली वायफायवर. आणि मधे गॅप नसतो, कारण सकाळची बॅच संपली तरी पोरांचे डाउट संपत नाहीत, मग सर केबल उपसतात, लॅपटॉप उचलतात आणि बोलत बोलतच जिना उतरतात.

अडचण

फोनवर सरांनी सांगितलं ते साधं होतं: "अरे भाऊ, केबल काढली का क्लास बसते. आपोआप वायफायवर गेलं पाहिजे ना ते? सेटिंग तर केली आहे म्हणते पोरगा." घरी जाऊन नीट विचारलं तर एकाच्या चार तक्रारी निघाल्या.

एक, केबल काढल्यावर वायफाय येतं, पण यायला पंधरा-वीस सेकंद लागतात, तोपर्यंत क्लासमधून सर बाहेर फेकले जातात, परत आत येईस्तोवर अर्धी पोरं पळालेली असतात. दोन, कधीकधी सकाळी खालीच लॅपटॉप सुरू केला तर वायफाय बंदच असतं, नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करून चालू करावं लागतं, आणि हे रोज होत नाही म्हणून जास्त डोकं फिरतं. तीन, सकाळी वर वायरवर असताना लाईन गेली-आली की तेवढ्या वेळा क्लास तुटतो, लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटर इन्व्हर्टरवर आहे, तरीसुद्धा. चार, फायबरच तुटलं तर मोबाईलचा हॉटस्पॉट घ्यायला जावं तर लॅपटॉपला वायफायच दिसत नाही, आधी केबल काढावी लागते, आणि हे सरांना शोधून काढायला एक अख्खा क्लास गेला.

चारही गोष्टी वेगवेगळ्या वाटतात. निघालं मात्र एकाच जागेवरून.

आत काय सापडलं

मिंटमध्ये नेटवर्क सांभाळतो तो नेटवर्कमॅनेजर, २००४ मध्ये रेड हॅटने सुरू केलेला, आज बहुतेक डेस्कटॉप लिनक्सवर तोच असतो. त्याला एक सोय आहे: इटीसी (सिस्टीमच्या सेटिंगचं फोल्डर) मधल्या त्याच्या फोल्डरात डिस्पॅचर नावाचं एक उपफोल्डर असतं, त्यात ठेवलेल्या स्क्रिप्ट (कमांडच्या छोट्या फाईली) प्रत्येक नेटवर्क घटनेला तो चालवतो आणि त्यांना दोन गोष्टी सांगतो, कोणतं कार्ड आणि काय झालं, अप की डाउन. स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य ॲडमिन खात्याच्या, मालकीची पाहिजे, चालवायची परवानगी पाहिजे आणि दुसऱ्या कोणाला लिहिता येता कामा नये, नाहीतर तो तिला हातच लावत नाही.

सरांच्या मशीनवर तिथे एक स्क्रिप्ट होती, "७०-वायफाय-वायर्ड-एक्सक्लुझिव्ह" अशा नावाची. काम दोन ओळींचं: वायर लागली की वायफायचा रेडिओ बंद, वायर गेली की रेडिओ चालू. ही स्क्रिप्ट कुणाच्या डोक्यातून आलेली नाही, नेटवर्कमॅनेजरच्याच मॅन्युअलमध्ये उदाहरण म्हणून दिलेली आहे आणि तिथूनच हातोहात सगळीकडे फिरते. मुलाने कुठूनतरी उचलून टाकली होती, त्याच्या हिशेबाने हेच आपोआप बदलणं.

आता तक्रारी एकेक लावून बघा. केबल काढली की रेडिओ शून्यापासून उठतो, नेटवर्क शोधतो, राउटरशी जोडतो, पासवर्डची देवाणघेवाण होते, मग डीएचसीपीकडून (राउटरमधली पत्ते वाटणारी सोय) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मागतो, ह्या सगळ्याला वेळ जाणारच. दुसरी तक्रार जास्त मजेदार आहे. रेडिओ चालू का बंद हे नेटवर्कमॅनेजर लक्षात ठेवतो, रीबूटनंतरसुद्धा. रात्री वर केबल लावलेली असताना लॅपटॉप बंद केला, सकाळी केबल काढून खाली आणून चालू केला, तर वायर "गेली" अशी घटना कधी घडलीच नाही, आणि घटना नाही म्हणजे स्क्रिप्ट नाही, म्हणून वायफाय कालच्यासारखंच बंद. ज्या रात्री सर केबल आधी काढून मग बंद करायचे त्या दुसऱ्या दिवशी सगळं नीट. म्हणून ते "कधीकधी".

तिसरी, लाईनची: राउटर इन्व्हर्टरवर, पण वरच्या टेबलाखालचा स्विच साध्या प्लगवर. लाईन गेली की स्विच मेला, लॅपटॉपला वाटलं केबल निघाली, मग वायफाय उठवा. लाईन आली की स्विच जिवंत, वायर आली, स्क्रिप्टने नुकतंच उठलेलं वायफाय तडकाफडकी बंद केलं. सकाळी दोन-चार वेळा झपझप लाईन जाते-येते तेव्हा काय होत असेल विचार करा. आणि चौथी तर उघडच आहे: फायबर तुटलं तरी स्विचचा दिवा लागलेलाच, म्हणजे स्क्रिप्टच्या लेखी वायर ठणठणीत, वायफाय बंद.

अजून एक बारीक किडा सापडला. मॅन्युअलमधल्या मूळ स्क्रिप्टमध्ये "कनेक्टेड" हा शब्द ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) शोधताना पूर्ण शब्द जुळवायचा पर्याय दिलेला आहे, इथल्या कॉपीत तो कुठेतरी गळाला होता. "कनेक्टेड" तर "डिसकनेक्टेड"च्या पोटातही बसलेला असतो! त्यामुळे कुणी चिन्हावरून हाताने वायर डिसकनेक्ट केली तर स्क्रिप्ट समजायची वायर चालूच आहे आणि वायफाय काही यायचं नाही. केबल उपसली तर अवस्था "अनअव्हेलेबल" होते, तिथे हा घोळ नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

नेमकं पाहिजे काय

इथे पहिला निर्णय होता, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला तोच मोठा. "वायर-वायफाय आपोआप बदलावं" असं लोक म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळ्या मागण्या असू शकतात. पहिली, दोन्ही असतील तर वायर वापर. दुसरी, वायर असेल तर वायफाय बंदच ठेव. तिसरी, बदल होताना चालू काम तुटू देऊ नको.

पहिली मागणी तर काहीही न करता पुरी होते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नेटवर्कमॅनेजर दोन्ही जोडण्या एकाच वेळी चालू ठेवतो आणि प्रत्येकीच्या डिफॉल्ट रूटला, म्हणजे बाहेर जायच्या रस्त्याला, एक मेट्रिक (पसंतीचा आकडा) देतो, वायरला १००, वायफायला ६००. आकडा लहान तो रस्ता पहिला. टर्मिनलवर "आयपी रूट" मारून बघितलं की दोन डिफॉल्ट ओळी दिसतात. बरेच जण ह्यासाठी ऑटोकनेक्ट प्रायॉरिटी बदलत बसतात, ती वायर विरुद्ध वायफाय ठरवतच नाही, एकाच कार्डावर कोणतं प्रोफाईल (जोडणीच्या सेटिंगचा साठवलेला संच) आधी घ्यायचं तेवढंच ठरवते.

दुसरी मागणी कधी खरी असते? ऑफिसच्या नियमात एका वेळी एकच नेटवर्क पाहिजे असेल, किंवा बॅटरीची फार काटकसर असेल तेव्हा. सरांना ह्यातलं काहीच नको होतं. त्यांना पाहिजे होती तिसरी, आणि मशीनवर लावलेली होती दुसरी, जी तिसरीच्या बरोबर उलट काम करते.

मी सरांना एवढंच विचारलं, वायफाय चालू राहिलं तर काही त्रास आहे का? "मला काय त्रास, चालू राहो नाहीतर बंद राहो, माझे पोरं गेले नाही पाहिजे."

कोणते पर्याय होते

अ) स्क्रिप्टच सुधारायची. शब्दाचा किडा काढायचा, बूट झाल्यावर एकदा तपासणी घालायची. किंवा टीएलपी ह्या बॅटरीवाल्या पॅकेजसोबत रेडिओचा एक वेगळा भाग मिळतो, त्यात वायर लागल्यावर कोणते रेडिओ बंद आणि सुटल्यावर कोणते चालू हे कॉन्फिगमध्ये लिहिता येतं, स्वतःची स्क्रिप्ट लागतच नाही. दुसरी मागणी असती तर मी डोळे झाकून हेच दिलं असतं. इथे रेडिओ उठायचा वेळ काही वाचत नाही, म्हणून बाद.

आ) स्क्रिप्ट काढून टाकायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. वायफाय आधीच जोडलेलं राहतं त्यामुळे उठायचा वेळ शून्य. पण एक अडचण उरते. वायरवर लॅपटॉपला एक आयपी, वायफायवर दुसरा. चालू असलेली प्रत्येक जोडणी ज्या आयपीवरून सुरू झाली त्यालाच बांधलेली असते. म्हणून केबल लावताना सहसा काही तुटत नाही, वायफायचा जुना आयपी जागेवरच असतो आणि घरात दोन्ही एकाच राउटरला असल्याने जुनी पाकिटं वायरने जाऊनही उत्तर येतं. काढताना मात्र वायरचा आयपीच जातो, त्याच्यावर चालू असलेल्या टीसीपी (त्या आयपीला बांधलेल्या) जोडण्या मेल्या. व्हिडिओ कॉलची ॲप्स नेटवर्क बदललं हे ओळखून स्वतःला परत जोडून घेतात, काही सेकंदांत, पण ब्राउझरमधला व्हाइटबोर्ड तेवढा शहाणा असेलच असं नाही.

शिवाय केबल निघाल्यावर नेटवर्कमॅनेजर लगेच हलत नाही, काही सेकंद थांबतो, कुणी केबल परत लावतंय का बघतो. तेवढा वेळ कर्नल (लिनक्सचा गाभा) वायरच्याच रस्त्याने पाकिटं पाठवत राहतो, रस्ता मेलाय हे माहीत असूनही, कारण तसंच डिफॉल्ट आहे. ह्यावर सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) एक सेटिंग आहे, लिंक गेलेले रस्ते मोजूच नको असं सांगणारा, तो १ केला की ती पोकळी भरते.

इ) बाँडिंग. वायर आणि वायफाय दोन्ही मिळून एक आभासी कार्ड करायचं, आयपी त्या आभासी कार्डाला द्यायचा, आतून कोणतं कार्ड चालतंय ते कर्नल बघेल. ॲक्टिव्ह-बॅकअप मोड, एका वेळी एकच चालू, दुसरं तयार उभं. आयपी बदलत नाही म्हणून जोडणी तुटत नाही. अट एकच पण कडक: वायर आणि वायफाय दोन्ही एकाच नेटवर्कवर पाहिजेत. ऑफिसांमध्ये वायफाय बहुतेक वेळा वेगळ्या सबनेटवर (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असतं, तिथे हा विषयच संपला. सरांच्या घरी एकच राउटर, म्हणून बसत होतं.

ई) वरती एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा वेगळा डबा) लावायचा, त्याच केबलवर, तेच नाव तोच पासवर्ड, आणि लॅपटॉपची केबल कायमची काढून टाकायची. लॅपटॉप फक्त वायफायवर, वर-खाली फिरताना आपोआप उडी मारेल. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वायर असताना वायफाय कशाला? वायर पक्की असते." ह्यात थोडा पैशाचा आणि थोडा विश्वासाचा प्रश्न होता, मी ताणलं नाही.

काय केलं

सरळ बाँडवर उडी नाही मारली. कारण बाँड हे प्रकरण लावायला अवघड नाही, पण माझ्यानंतर त्याला हात लावणाऱ्याला ते समजलं पाहिजे, आणि तो हात पुण्याहून फोनवरून लागणार. मुलाशी बोललो तर त्याने शहाणी अट घातली: "दादा, काहीही लावा, पण बिघडलं तर बंद कसं करायचं हे मला बाबांना दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे."

म्हणून आधी पर्याय आ. स्क्रिप्टची चालवायची परवानगी काढली, पुसली नाही, परवानगी नसली की डिस्पॅचर तिला वगळतो. सिसकंट्रोलची ओळ टाकली. आणि सगळ्यात स्वस्त काम म्हणजे वरचा स्विच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतला, एक एक्स्टेंशन बोर्ड लागला फक्त. एवढ्याने सकाळचं बंद वायफाय गेलं, हॉटस्पॉटचा लपंडाव गेला आणि लाईनचा त्रास पार गेला. चारपैकी तीन मिटल्या, बाँडचं नावही न घेता. बऱ्याच घरांमध्ये गोष्ट इथेच संपायला हवी.

उरली जिन्याची. माझा फोन विद्यार्थी म्हणून क्लासमध्ये घातला, एका बाजूला राउटरला पिंग (उत्तर येतंय का ते सतत विचारणं) चालू ठेवलं आणि सरांना म्हटलं चला खाली. आवाज मधे काही सेकंद गेला, ॲपने "परत जोडतोय" दाखवलं आणि आला परत. पंधरा-वीस सेकंदांपुढे हे काहीच नाही. मी म्हणालो, चालेल? सर म्हणाले चालेल. काही दिवसांनी फोन आला, आवाज येते, पण फळा जाते. ब्राउझरमधला तो व्हाइटबोर्ड नवीन आयपीवरून जुनी जोडणी मानत नव्हता, पान रिलोड करावं लागायचं, आणि रिलोड केलं की पोरांच्या स्क्रीनवर अर्धवट सोडवलेलं इंटिग्रेशन गायब. पेनने लिहिलेलं परत लिहा.

म्हणजे हा दुसरा निर्णय: फळ्यासाठी बाँड लावायचा का? दुसरा फळा वापरून बघा असंही सुचवलं होतं, पण सरांचे मागच्या वर्षीचे सगळे नोट्स त्यातच. मग लावला.

बाँड लावताना जिथे जिथे थांबून विचार करावा लागला ते सांगतो, बाकी नेहमीचंच आहे.

मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता. बाँड सहसा दोन्ही कार्डांना एकच मॅक देतो, पण वायफायचा मॅक एकदा राउटरशी जोडल्यावर मधेच बदलता येत नाही. म्हणून फेलओव्हर मॅकचा पर्याय "ॲक्टिव्ह" ठेवला, म्हणजे जे कार्ड चालू त्याचा मॅक बाँड घेतो. बदल झाला की बाँडिंग ड्रायव्हर स्वतःहून एक एआरपी (कोणता आयपी कोणत्या मॅकवर हे कळवणारा संदेश) ओरडून सांगतो की हा आयपी आता ह्या मॅकवर आहे, राउटर तेवढ्यावर वळतो.

आयपी. मॅक बदलणार म्हटलं की डीएचसीपीवर विसंबण्यात अर्थ नाही, घरगुती राउटर मॅक बघूनच पत्ता देतात, पत्त्याची मुदत (लीज) वाढवायच्या वेळी भलत्याच मॅकने दार ठोठावलं तर दुसराच पत्ता द्यायचा. म्हणून राउटरच्या डीएचसीपी पट्ट्याबाहेरचा एक पत्ता, १९२.१६८.१.५०, बाँडला कायमचा दिला.

परतीचा प्रवास. बाँडमध्ये वायर प्रायमरी (पहिली पसंती) आहे, म्हणजे वायर आली की बाँड ताबडतोब वायरवर येणार. स्विच इन्व्हर्टरवर गेला असला तरी प्लग ढिला असतो, पायाला लागतो, वगैरे. म्हणून अपडिले १०००० दिला, हा मिलिसेकंदांत असतो, म्हणजे वायर दहा सेकंद सलग टिकली तरच परत ये. लिंक किती वेळाने तपासायची तो आकडा, एमआयआयमॉन, १०० मिलिसेकंद. जायची घाई, यायची नाही.

मेट्रिक. हे जरा वेगळं आहे. सर कधीमधी लॅपटॉप धरमपेठेत बहिणीकडे नेतात, तिथे वेगळं वायफाय. बाँडला नेटवर्कमॅनेजर स्वतःहून ३०० मेट्रिक देतो, वायफायला ६००, आणि बाँडसारख्या कार्डांच्या बाबतीत तो लिंक आहे का नाही हे मनावरच घेत नाही, त्यामुळे ठरवलेल्या आयपीचा बाँड बाहेरगावीही जिवंत असल्याचा आव आणू शकतो. मग सगळा ट्रॅफिक त्या मेलेल्या रस्त्याकडे. म्हणून बाँडचं मेट्रिक हाताने ७०० केलं. घरात दुसरं कोणीच नसतं म्हणून ७०० चालतं, बाहेर साधं वायफाय ६०० ने जिंकतं. आणि बोनस असा की फायबर तुटल्यावर सरांनी चिन्हातून मोबाईलचा हॉटस्पॉट निवडला की वायफाय कार्ड बाँडमधून निघून हॉटस्पॉटला लागतं, ६००, आणि वायर लावलेली असली तरी नेट मोबाईलने सुरू होतं. केबल काढायची गरज नाही. हॉटस्पॉटचं ऑटोकनेक्ट बंद ठेवलं, नाहीतर फायबर आल्यावरही डेटा मोबाईलचाच जळत राहील.

आणि जुनं घरचं साधं वायफाय प्रोफाईल पुसून टाकलं. ते राहिलं असतं तर कधी बाँडवालं प्रोफाईल लागलं असतं कधी साधं, आणि आपण परत "कधीकधी" वर आलो असतो.

काय झालं

जिना उतरताना आता पिंगचं एखादं-दुसरं उत्तर हुकतं, तेवढंच. आवाजात एक बारीकसा अडखळा येतो, पोरांना वाटतं सरांनी श्वास घेतला. फळा जागेवर राहतो.

तोटेही लिहून ठेवतो. चिन्हाच्या मेनूत आता वायर, वायफाय आणि बाँड असे तिघं दिसतात आणि सरांना सुरुवातीला वाटलं काहीतरी दुप्पट लागलंय. दुसऱ्या कुणाच्या घरी केबल लावली तर चालणार नाही, कारण ते भोक आता बाँडचं आहे आणि तिथे घरचा आयपी चालत नाही, मेनूतून साधं वायरचं प्रोफाईल निवडावं लागेल. सर बाहेर केबल लावतच नाहीत म्हणून हा सौदा परवडला. राउटर बदलला आणि नवीन राउटरची पट्टी वेगळी असली तर बाँडचा आयपी हाताने बदलावा लागेल, हेही आहे.

आणि बाँड फक्त लॅपटॉप ते स्विच एवढीच वायर बघतो. डक्टमधली केबल उंदराने कुरतडली तर स्विचचा दिवा लागलेलाच राहील आणि बाँडला काही कळणार नाही. ह्यासाठी राउटरला एआरपीने विचारत राहायची दुसरी पद्धत बाँडिंगमध्ये आहे, पण ती आणि एमआयआयमॉन एकत्र चालत नाहीत, आणि वायफायच्या कमजोर सिग्नलवर ती उगाच घाबरण्याची शक्यता जास्त वाटली, म्हणून सोडली.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. स्विच इन्व्हर्टरवर घेणं हे कुठलंही टर्मिनल उघडायच्या आधी करता आलं असतं, आणि मग लाईनवाली तक्रार आणि जिनावाली तक्रार वेगळ्या दिसल्या असत्या. चार तक्रारी एकत्र ऐकल्या की माणूस सॉफ्टवेअरकडेच धावतो.

फळ्याची चाचणी पहिल्याच दिवशी आवाजासोबत घ्यायला हरकत नव्हती. माझा फोन विद्यार्थी म्हणून होताच, त्यावर फळा उघडला असता तर बाँडचा निर्णय तेव्हाच झाला असता. आता कुणाकडे गेलो की विचारतो, क्लासच्या वेळी स्क्रीनवर काय काय उघडं असतं, सगळं दाखवा.

आणि ॲक्सेस पॉइंटचा पर्याय. एका लॅपटॉपसाठी, एका माणसासाठी, जो लिनक्सवर आहे आणि ज्याचा मुलगा कॉन्फिग फाईल वाचू शकतो, त्याच्यासाठी बाँड बरोबर बसला. ह्याच घरात उद्या सुनेचा लॅपटॉप आणि नातवाचा टॅब आला तर त्यांना बाँड लावत बसणार नाही मी, तेव्हा वर ॲक्सेस पॉइंटच लागेल, आणि मग सरांच्या लॅपटॉपवरचा बाँडही काढलेला बरा. सरांना हे सांगून ठेवलंय. त्यांचं म्हणणं, "तेव्हाचं तेव्हा पाहू, आधी हा उन्हाळा निघू दे."

मुलाच्या अटीप्रमाणे डेस्कटॉपवर एक टेक्स्ट फाईल ठेवली आहे. पहिली ओळ: मेनूतून बाँड डिसकनेक्ट करा. दुसरी ओळ: वायफायच्या यादीतून "लपलेल्या नेटवर्कला जोडा" निवडून घरचं नाव आणि पासवर्ड टाका. लपलेलं का, तर यादीतल्या नावावर सरळ क्लिक केलं तर परत बाँडवालंच प्रोफाईल लागतं. खाली बाँडच्या सगळ्या सेटिंग, एकेका ओळीत, का ठेवली त्या कारणासकट, म्हणजे मिंटचं पुढचं व्हर्जन टाकताना मुलाला माझा नंबर शोधावा लागू नये.